मार्क्स, साखर आणि मोझेलची वाईन

कार्ल मार्क्स अर्थशास्त्राकडे का वळला? याच्या अनेक कारणांपैकी एक कारण वाईन आहे. त्याने पिलेली नव्हे (ती त्याने भरपूर प्यायली, तो विषय वेगळा), तर त्याच्या गावाकडच्या द्राक्ष बागायतदारांना न खपलेली वाईन. मार्क्सने स्वतः १८५९ मध्ये एका प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की मोझेल नदीकाठच्या शेतकऱ्यांच्या हलाखीवरून सरकारशी वाद झाला, तेव्हा त्याला पहिल्यांदा पोटापाण्याच्या प्रश्नांवर तोंड उघडावं लागलं. एंगल्सनेही पुढे हेच सांगितलं.

आपल्याकडे मार्क्स म्हटलं की गिरणगाव आठवतं, लाल बावटा आठवतो. द्राक्षाची बाग कोणाच्या डोळ्यासमोर येत नाही. म्हणून आज त्या बागेविषयी, तिथल्या वाईनविषयी आणि त्या वाईनमधल्या साखरेविषयी लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. दारूचा प्रचार वगैरे करायचा नाही. न पिणाऱ्यांसाठीही यात बरंच काही आहे, कारण शेवटी हा प्रश्न आपल्या मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलपर्यंत येतो.

आधी वाईन काय आहे ते बघू.

मोझेल ही नदी फ्रान्समध्ये उगम पावते, जर्मनीत ट्रियर शहरावरून वळणं घेत घेत कोब्लेंझला ऱ्हाइनला मिळते. हा प्रदेश साधारण ५० अक्षांशावर आहे. आपलं नाशिक २० वर. द्राक्ष या पिकासाठी मोझेल म्हणजे जवळजवळ शेवटची सीमा. त्याच्या फार उत्तरेला गेलं की पूर्वीच्या काळी द्राक्ष पिकतच नसे. इथेही पिकतं ते काही विशिष्ट जागी: नदीच्या बाजूला, दक्षिणेकडे तोंड केलेल्या उभ्या चढावर. चढ किती, तर ब्रेम गावाजवळचा काल्मोंट नावाचा डोंगर काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत उभा आहे. जमीन म्हणजे माती कमी आणि दगड जास्त. दगड कोणता? आपण शाळेत ज्या पाटीवर मुळाक्षरं गिरवली तोच, पाटीचा दगड. तो दिवसभर तापतो आणि रात्री वेलीला ऊब देतो. ट्रॅक्टर चढत नाही, बरीच कामं आजही हातानेच होतात.

या चढांवरचं मुख्य द्राक्ष म्हणजे रीसलिंग. पांढरं, उशिरा पिकणारं, थंडी सोसणारं. ऑक्टोबर उजाडला तरी वेलीवरच असतं. थंड हवेत द्राक्ष हळूहळू पिकतं, त्यामुळे त्यातला आंबटपणा टिकून राहतो. गरम प्रदेशात उलटं होतं: साखर भराभर वाढते आणि आंबटपणा उडून जातो. आपल्या नाशिकला वाईनची द्राक्षं हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी काढतात, ती रात्रीच्या गारव्यात आंबटपणा थोडा टिकावा म्हणून. मोझेलला तो आयताच मिळतो. तिथे अडचण साखरेची.

ही वाईन चाखताना पहिल्यांदा गोंधळायला होतं. रंग जवळजवळ पाण्यासारखा, जरा हिरवट झाक. वास हिरव्या सफरचंदाचा, लिंबाच्या सालीचा, कधी पीचचा. जुनी बाटली असेल तर चक्क रॉकेलचा वास येतो, आणि जाणकारांना तो आवडतो! घोट घेतला की आधी गोड लागतं, आणि तुम्ही 'अरे, ही तर गोड आहे' असं म्हणेपर्यंत आंबटपणा येऊन तो गोडवा धुऊन नेतो. तोंडाला पाणी सुटतं आणि पुन्हा घोट घ्यावासा वाटतो. लिंबू सरबताचंच गणित आहे. नुसतं लिंबू पिववत नाही, नुसतं साखरपाणीही नाही. एका लिटरमध्ये ४०-४५ ग्रॅम साखर असलेली मोझेलची हलकी रीसलिंग फारशी गोड वाटत नाही, कारण सोबत आठएक ग्रॅम आम्ल असतं. कोलाच्या बाटलीत लिटरला शंभर ग्रॅमच्या वर साखर असते हे लक्षात घेतलं की फरक कळेल. अल्कोहोल मात्र कमी, ८-९ टक्के. एरवीच्या वाईनमध्ये १२-१४ असतं.

मग या ग्लासातली साखर आली कुठून? उत्तर सोपं वाटतं: द्राक्षातून. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि अल्कोहोल करतं. ढोबळ हिशेब असा की लिटरमधली १७ ग्रॅम साखर गेली की १ टक्का अल्कोहोल येतं. मोझेलच्या तळघरांत हिवाळ्यात इतकी थंडी पडे की यीस्टचं काम अर्ध्यात थांबे आणि थोडी साखर शिल्लक राहून जाई. विसाव्या शतकात बारीक गाळण्या आल्या आणि हे थांबवणं माणसाच्या हातात आलं. म्हणजे अल्कोहोल कमी आणि साखर शिल्लक, हे दोन्ही एकाच कारणाने.

पण हे झालं चांगल्या वर्षाचं, चांगल्या जागेचं. वाईट वर्षी काय? द्राक्ष पिकलंच नाही तर? इथून खरा इतिहास सुरू होतो.

रीसलिंगची सर्वांत जुनी लेखी नोंद १४३५ सालची आहे. र्‍यूसल्सहाइमच्या एका सरदाराच्या हिशेबवहीत रीसलिंगच्या वेली खरेदी केल्याचा खर्च टाकलाय, २२ शिलिंग. म्हणजे या द्राक्षाचा जन्मदाखला म्हणजे एक पावती! मोझेलवर त्या काळी बहुतेक उत्तम बागा चर्चच्या आणि मठांच्या. १७८७ मध्ये ट्रियरच्या राज्यकर्त्या आर्चबिशपने, क्लेमेन्स वेन्झेस्लाउसने, फर्मान काढलं की हलक्या वाणाच्या वेली उपटा आणि चांगल्या वाणाच्या लावा. व्यवहारात चांगला वाण म्हणजे रीसलिंग. आर्चबिशपचं ठीक होतं, त्याचा दर्जा वाढत होता. कष्ट करणाऱ्या कुळाचं मात्र उत्पन्न घटणार होतं, कारण रीसलिंग उशिरा पिकतं, कमी पिकतं आणि एका वाईट सप्टेंबरने हातचं जातं. दर्जाचा हुकूम वरून आला, जोखीम खालच्याने घेतली. हे सूत्र पुढे पुन्हा पुन्हा दिसेल.

पुढे फ्रेंच क्रांतीची फौज आली, १७९४ मध्ये ट्रियर घेतलं. चर्चच्या बागा सरकारजमा झाल्या आणि लिलावात गेल्या. पैसेवाल्या नागरिकांनी घेतल्या, काही तुकडे शेतकऱ्यांकडेही आले. नेपोलियन पडला आणि १८१५ मध्ये हा मुलूख प्रशियाला मिळाला. आणि मोझेलचं नशीब उघडलं! कारण प्रशियाकडे वाईन पिकवणारा मुलूख फारसा नव्हता. १८१८ मध्ये प्रशियाने बाहेरच्या मालावर जकात बसवली. आता बर्लिनला वाईन प्यायची तर ऱ्हाइन-मोझेलचीच स्वस्त. शेतकऱ्यांनी कर्जं काढली, चढ फोडले, वेली लावल्या.

दहा वर्षांत सगळं उलटलं. प्रशियाने १८२८ मध्ये हेसशी, १८२९ मध्ये बव्हेरिया आणि व्युर्टेमबर्गशी जकातीचे करार केले, १८३४ मध्ये तर जर्मन राज्यांचा जकातसंघच झाला. दक्षिणेची, जास्त ऊन खाल्लेली, स्वस्त वाईन मोकळी आत आली. मोझेलच्या आंबट वाईनला भाव उरला नाही. कर मात्र चांगल्या वर्षांच्या हिशेबाने चालूच. त्यात ओळीने वाईट हंगाम. कर्ज, जप्ती, लिलाव. अनेक कुटुंबं गाव सोडून अमेरिकेला निघाली.

सरकारचं म्हणणं काय होतं? की शेतकरी रडतात ते वाढवून. त्यांनी चैन कमी करावी, दर्जा सुधारावा, जमिनीचे तुकडे पाडू नयेत. वाचून ओळखीचं वाटलं ना?

मार्क्स तेव्हा कोलोनच्या 'ऱ्हाइनिशे त्साइटुंग' या वर्तमानपत्राचा संपादक होता. वय २४. ट्रियरचाच पोरगा, जवळच्या मेर्टेसडॉर्फला त्याच्या घरच्यांचा द्राक्षबागेत वाटाही होता. त्याच्या पेपरात मोझेलच्या बातमीदाराने शेतकऱ्यांच्या हालाखीवर आणि त्यांचं म्हणणं दाबलं जातं यावर लिहिलं. ऱ्हाइन प्रांताचा प्रमुख अधिकारी फॉन शापर भडकला: पुरावे द्या, नाहीतर ही सरकारची बदनामी आहे. जानेवारी १८४३ मध्ये मार्क्सने उत्तर दिलं, लेखमालाच लिहिली.

त्या लेखांत अजून 'मार्क्सवाद' नाही. त्यातला मुद्दा साधा आहे आणि मला तो आजही पटतो. मार्क्स म्हणतो की अधिकारी वाईट माणूस असतोच असं नाही. पण तक्रारीची चौकशी तोच करतो ज्याच्या कारभाराविषयी तक्रार आहे. त्याला फाइलमधला शेतकरी खरा वाटतो आणि बांधावरचा शेतकरी अतिशयोक्त. त्यामुळे सरकार आणि प्रजा यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट लागते, जी सरकारी नाही पण सार्वजनिक आहे. ती म्हणजे मोकळं वर्तमानपत्र. त्याच महिन्यात पेपरवर बंदीचा निर्णय झाला, ३१ मार्चला शेवटचा अंक निघाला. बंदीला कारणं अनेक होती, रशियाच्या झारची तक्रारही होती, पण मोझेलचं प्रकरण त्यात होतंच. मार्क्स देश सोडून पॅरिसला गेला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

मोझेलच्या शेतकऱ्याचं काय झालं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. त्याला उत्तर दिलं ट्रियरमध्येच सरकारी नोकरी केलेल्या दुसऱ्या माणसाने. लुडविग गाल त्याचं नाव. हाही समाजवादी, मार्क्सच्या आधीच्या पिढीतला. त्याने सिद्धांत मांडला आणि सोबत एक युक्तीही दिली: साखर घाला.

नीट समजून घ्या, कारण इथे गैरसमज होतो. गालने तयार वाईन गोड करायला सांगितलं नाही. आंबवण्याच्या आधी, कच्च्या रसात, मोजून साखरपाणी घालायला सांगितलं. पाण्याने आंबटपणा पातळ होतो आणि साखरेचं यीस्ट अल्कोहोल करतं. म्हणजे जे काम सूर्याने करायला हवं होतं ते थोडंसं पोत्यातली साखर करते. नुसत्या साखरेची युक्ती फ्रान्समध्ये शाप्ताल या रसायनशास्त्रज्ञाने आधीच प्रसिद्ध केली होती. गालने १८५० च्या दशकात ती थंड प्रदेशाच्या आंबट रसासाठी बसवली, मापं ठरवली. ज्या वर्षी वाईन अक्षरशः ओतून द्यावी लागली असती त्या वर्षी ती विकता येऊ लागली. त्याच्या नावावरून जर्मनमध्ये क्रियापदच पडलं: 'गालीकरण'. गरीब शेतकरी तगला तो यामुळे.

आणि लगेच दुसरी बाजू उभी राहिली: ही भेसळ आहे!

ही दुसरी बाजू कोणाची? ज्यांच्या बागा उत्तम चढावर होत्या त्यांची. तिथे वाईट वर्षीही द्राक्ष बऱ्यापैकी पिके, साखर घालायची गरज कमी पडे. त्यांना बिनसाखरेची 'निसर्गशुद्ध' वाईन विकायची होती, आणि साखरवाल्यांची स्वस्त वाईन त्याच मोझेलच्या नावाने बाजारात येत होती. १९०८ मध्ये ट्रियरच्या महापौरांच्या पुढाकाराने अशा मोठ्या बागायतदारांचा संघ झाला, १९१० मध्ये देशभराचा. ट्रियरला लिलाव होत, आणि त्या काळात मोझेलच्या उत्तम वाईन बोर्दोच्या नामांकित वाईनच्या तोडीस तोड भावाने जात. कोणती बाग उत्तम हे ठरवायला एक नकाशाही होता, १८६८ चा. तो रसिकांनी केलेला नव्हता! महसूल खात्याने जमिनीची प्रतवारी करून कर बसवण्यासाठी केला होता. जास्त कराची बाग गडद रंगात. आज वाईनचे जाणकार तो नकाशा घेऊन फिरतात. प्रतवारी करणाऱ्या कारकुनाला जमीन कळत होती असं म्हणायचं.

तर मला इथे थांबून एक विचारावंसं वाटतं. शुद्धतेचा आग्रह धरणं कोणाला परवडतं? ज्याच्या बागेला ऊन लागतं त्याला. बाजूच्या थंड दरीतल्या शेतकऱ्याला 'शुद्ध राहा' हा उपदेश म्हणजे 'मर' असंच सांगणं होतं. पण शुद्धवाल्यांचंही पूर्ण खोटं नव्हतं. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते कशाचे, हे त्याला कळायला नको? दोन्ही बाजू बरोबर असलेला वाद मिटवण्याचा मार्ग एकच असतो: काय केलंय ते सांगा आणि त्याप्रमाणे विका. जर्मनीने १८९२, १९०१ आणि १९०९ असे एकामागून एक वाईन कायदे केले. साखर किती, कधीपर्यंत, आणि घातली तर शुद्ध म्हणायचं नाही, असा त्यांचा रोख होता.

शेतकऱ्यांचे हाल तेवढ्याने संपले नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर कर, महागाई, परदेशी वाईनची स्पर्धा यांनी मोझेल पुन्हा पिचली. २५ फेब्रुवारी १९२६ ला बर्नकास्टेल गावात हजारो बागायतदारांनी कर कचेरीवर चाल केली, दप्तरं खिडकीतून फेकली, रस्त्यावर जाळली. त्याच वर्षी वाईनवरचा कर रद्द झाला. मार्क्सचे लेख छापून ८३ वर्षं झाली होती. पेपरने सांगून जे ऐकलं नाही ते जाळपोळीनंतर ऐकलं. ही गोष्ट सरकार नावाच्या संस्थेविषयी फार काही सांगते.

नाझी काळात या धंद्याचा एक आधारच तुटला. जर्मन वाईनच्या व्यापारात ज्यू व्यापारी मोठ्या संख्येने होते. त्यांना हुसकावलं, लुबाडलं, मारलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी चव ओळखून माल जगभर नेला ते लोक गेले.

युद्धानंतर आला १९७१ चा कायदा. वरवर अगदी लोकशाहीवादी. त्यात ठरलं की वाईनचा दर्जा बागेवर अवलंबून नाही, रसात किती साखर भरली त्यावर आहे. काबिनेट, स्पेटलेझे, आउसलेझे अशा पायऱ्या, रस जितका गोड तितकी वरची पायरी, आणि या पायऱ्यांच्या वाईनमध्ये बाहेरची साखर घालायला बंदी. कोणाचीही बाग असो, माप एकच. ऐकायला न्याय्य वाटतं. पण त्याच कायद्याने बागांची हजारो जुनी नावं एकत्र करून टाकली आणि कितीतरी गावांची हलकी जमीन एका भपकेदार नावाखाली आणली. उदाहरण बघा. 'पीस्पोर्टर गोल्डट्रॉप्शेन' म्हणजे पीस्पोर्ट गावाचा तो प्रसिद्ध चढ. आणि 'पीस्पोर्टर मिशेल्सबर्ग' म्हणजे आसपासच्या अनेक गावांची, बरीचशी सपाट जमिनीची, बऱ्याचदा रीसलिंगही नसलेली वाईन. लेबलवर दोन्ही सारखीच दिसतात. गिऱ्हाईकाने ओळखायचं कसं?

ओळखलं नाहीच. सत्तरच्या दशकात स्वस्त, गोड, पाणचट जर्मन वाईन जगभर खपली. गोडव्याला आंबटपणाची जोड नाही, म्हणजे लिंबाशिवाय सरबत. मोझेलचं दीडशे वर्षांचं नाव त्यात गेलं. 'जर्मन वाईन म्हणजे स्वस्त गोड पाणी' ही समजूत आजही पुरती गेलेली नाही.

गोडाची चटक लागली की पुरवठादार गोड आणतोच, कुठून आणि कशाने हा पुढचा प्रश्न. जर्मन सुपरमार्केटना स्वस्तातली 'आउसलेझे' हवी होती, म्हणजे पिकलेल्या, निवडलेल्या द्राक्षाची वाईन, पण न पिकलेल्या द्राक्षाच्या भावात. शेजारच्या ऑस्ट्रियातून ती घाऊक यायची. द्राक्ष तेवढं पिकत नव्हतं. बाहेरची साखर घालावी तर तपासणीत कळतं, आणि नुसत्या साखरेने वाईनला तो जडपणाही येत नाही. मग काही व्यापाऱ्यांना एक पदार्थ सापडला: डायइथिलीन ग्लायकॉल. रंग नाही, वास नाही, पाकासारखा दाट, चवीला गोड. कारखान्यात द्रावक म्हणून वापरतात. वाईनमध्ये घातला की ती गोड लागते, भारदस्त लागते. आणि हा मूत्रपिंडाचं वाटोळं करणारा विषारी पदार्थ आहे.

जुलै १९८५ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सरकारने जाहीर इशारा दिला. मग कळलं की जर्मनीतल्या काही बाटल्या भरणाऱ्यांनी ही ऑस्ट्रियन वाईन जर्मन वाईनमध्येही मिसळली होती. कोट्यवधी लिटर वाईन नष्ट करावी लागली. सुदैवाने या वाईनमुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही, कारण बहुतेक बाटल्यांत प्रमाण तेवढं नव्हतं. पण ऑस्ट्रियाची निर्यात एका वर्षात दहाव्या हिश्श्यावर आली. ज्यांनी काही केलं नव्हतं ते प्रामाणिक शेतकरीही बुडाले.

बघा, गालचं साखरपाणी आणि हे ग्लायकॉल, दोन्ही 'गोडाची भर'च. पण एक उघड होतं, पुस्तकात छापलेलं, कायद्याने मोजलेलं, गरिबाला तगवणारं. दुसरं चोरून, मोठ्या व्यापाऱ्याच्या नफ्यासाठी. त्यामुळे माझ्या मते भेसळीची खरी व्याख्या 'काय घातलं' यात नाही. 'सांगितलं का' यात आहे. न सांगता घातलेली साखर फसवणूक, आणि न सांगता घातलेलं विष खुनाच्या उंबरठ्यावरची फसवणूक.

तो उंबरठा आपल्याकडे ओलांडला गेला. ऑस्ट्रियाचं प्रकरण गाजून सहा-सात महिनेच झाले होते. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलमध्ये रुग्णांना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच डायइथिलीन ग्लायकॉल होतं. १४ रुग्ण मूत्रपिंड निकामी होऊन गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि औषध पुरवठादार, रुग्णालयाची खरेदी, सरकारी तपासणी या सगळ्या साखळीची लक्तरं वेशीवर टांगली. ग्लिसरीन आणि ग्लायकॉल दिसायला सारखे, दोन्ही गोड, एक स्वस्त. रुग्णाने चव घेतली असती तरी कळलं नसतं. अमेरिकेत १९३७ मध्ये याच पदार्थाने औषधातून शंभराहून जास्त बळी घेतले होते, म्हणून तिथे १९३८ चा कडक कायदा झाला. आपल्याकडे २०२५ मध्येही छिंदवाड्याची लहान मुलं खोकल्याच्या औषधातल्या याच ग्लायकॉलने गेली. जीभ फसते हे आता पुरेसं सिद्ध झालंय. जिभेच्या मागे तपासणी लागते.

ऑस्ट्रियाने काय केलं? गाजावाजा विरण्याची वाट पाहिली नाही. त्याच वर्षी, ऑगस्ट १९८५ मध्ये, युरोपातल्या सर्वांत कडक वाईन कायद्यांपैकी एक मंजूर केला. दर्जाच्या वाईनला सरकारी तपासणीचा क्रमांक, बाटलीच्या तोंडाशी देशाच्या झेंड्याची लाल-पांढरी-लाल खूण. नव्या पिढीने गोड घाऊक माल सोडला आणि कोरडी, स्वच्छ पांढरी वाईन करायला घेतली. विश्वास परत यायला पंधराएक वर्षं लागली, पण आला. आज ऑस्ट्रियाची थंड हवेतली पांढरी वाईन जगातल्या उत्तम वाईनमध्ये धरतात. फसवणूक उघड झाल्याने त्यांचा धंदा बुडाला असं त्या वेळी वाटलं. आज मागे वळून बघता तो उघड झाल्यानेच वाचला.

जर्मनीनेही २०२१ मध्ये कायदा बदलला, आता जागेला पुन्हा महत्त्व येतंय, फसवी मोठी नावं वेगळी ओळखू येतील अशी सोय होतेय. त्याचं एक कारण हवामान. मोझेल तापली आहे. जिथे दहातली थोडीच वर्षं द्राक्ष पुरतं पिकायचं तिथे आता जवळजवळ दर वर्षी पिकतं. दोनशे वर्षं साखर कमी पडते म्हणून भांडले, आता साखर लवकर भरते आणि आंबटपणा कसा टिकवायचा याची चिंता लागली आहे. लुडविग गालला हे सांगितलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता.

आता ज्यांना ही वाईन कधी चाखायची असेल त्यांच्यासाठी थोडं कामाचं. बाटली उंच, बारीक, हिरवी असते. आधी लेबलवर अल्कोहोल बघा. ८-९ टक्के असेल तर ती गोडसर असणार, कारण साखर शिल्लक ठेवली आहे. १२ च्या आसपास असेल तर कोरडी. 'ट्रोकेन' हा शब्द असेल तर कोरडीच. मग कोपऱ्यात बारीक अक्षरांतला तपासणी क्रमांक शोधा, 'ए. पी.' ने सुरू होणारा. त्याचे शेवटचे दोन आकडे म्हणजे तपासणीचं वर्ष. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं ठेवा, फार गार असेल तर वास येत नाही. गोडसर काबिनेट तिखट जेवणासोबत छान लागते. अल्कोहोल कमी म्हणून तिखट भडकत नाही, गोडवा जळजळ शमवतो. बांगड्याच्या तिखल्यासोबत पिऊन बघा, मी पाहिली आहे. घोट गिळल्यावर लक्ष द्या: तोंडात शेवटी काय उरतं? चिकट गोडी उरली तर वाईन साधारण. तोंड स्वच्छ होऊन पाणी सुटलं तर समजा त्या द्राक्षाने थंडी खाल्ली आहे.

आपल्याकडे २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकण्याच्या निर्णयावर रान पेटलं होतं. वाईन म्हणजे दारू की नाही, यावर आठवडेच्या आठवडे चर्चा झाली. बाटलीत काय आहे, द्राक्ष कुठलं, साखर किती, तपासलं कोणी, हे विचारणारे फार थोडे होते. शेतकऱ्याच्या नावाने बाजू मांडणाऱ्यांनी हे विचारलं नाही आणि संस्कृतीच्या नावाने विरोध करणाऱ्यांनीही नाही. वाईन जाऊ द्या, दूध, पनीर, मध, खोकल्याचं औषध, कशाच्याही बाबतीत आपण हे किती विचारतो?

चोवीस वर्षांच्या त्या संपादकाने विचारलं होतं की तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तोच चौकशी करणार असेल तर खरं कळणार कसं. बाटलीवरचा तो छोटा क्रमांक हे त्या प्रश्नाचं एक उत्तर आहे: माल करणाऱ्याने नव्हे, दुसऱ्या कोणीतरी तपासलंय. पुढच्या वेळी दुकानात काहीही उचललंत तर मागची बाजू वाचा. आणि वाचता येत नसेल इतकं बारीक छापलं असेल, तर ते मोठं छापा म्हणून मागणी करा. एवढं तरी आपल्या हातात आहे.